हाड शाबूत, तरीही मज्जारज्जू जखमी

मानेचे हाड मोडलेले नसेल तर शस्त्रक्रियेचा विचारच नको, हे लेखातील विधान मला पटत नाही. वयोमानाने मणक्यांमधील नलिका अरुंद झालेली असताना माणूस तोंडावर पडून मान झटक्याने मागे गेली, तर पुढे वाढलेले हाड आणि मागचा जाड अस्थिबंध यांच्यात मज्जारज्जू चेपला जातो व बहुधा पायांपेक्षा हात अधिक लुळे पडतात. मज्जारज्जूची ही इजा एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतोच. जपानमधील अशाच ७० रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि किमान दोन आठवडे थांबून शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. इजेनंतर एका वर्षाने स्नायूंच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक वेगाने सुधारले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी हा वेग मला फार मोलाचा वाटतो.