मार्गारेट फुलर ‘इमर्सनची सावली’ होती का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन लेखिका मार्गारेट फुलर ही तिथलाच विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन याची सावली होती, तिचं पुस्तक विस्कळीत आहे आणि शेवटी अध्यात्म सोडून ती राजकारणात पडली, असं तुमचं म्हणणं.

पुस्तकाबद्दल मान्य. १८४५ सालचं ‘वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’ वाचताना माझीही दमछाक झाली. ग्रीक देवतांमागून देवता येतात, धागा सुटतो.

सावलीचं मात्र मुळीच पटत नाही. १८३१ च्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या अमेरिकन सणाला, एकवीस वर्षांची मार्गारेट चर्चमधून निघाली ती शेतं तुडवत चालतच सुटली. मन उदास. दाट झाडीतल्या एका काळोख्या डबक्यापाशी ती बसली आणि एकाएकी ऊन पडलं. तिला लहानपणचा एक क्षण आठवला. जिना चढताना मध्येच थांबून तिनं स्वतःला विचारलं होतं, मी इथे आले कशी? ही मार्गारेट फुलर मीच, असं का वाटतं? आणि आता तिला दिसलं, की वेगळा असा ‘मी’ नाहीच. त्याला खरं मानलं म्हणून सगळं दुःख. इमर्सनची भेट झाली त्यानंतर पाच वर्षांनी, १८३६ मध्ये. मग सावली कुणाची?

तुमचा समज कुठून आला, तेही सांगते. ती गेल्यावर १८५२ मध्ये इमर्सन आणि दोन मित्रांनी तिच्या आठवणींचा ग्रंथ काढला. त्यासाठी तिच्या कागदांवर काटछाट केली, मजकूर बदलला. कित्येक वर्षं लोकांनी तीच मार्गारेट खरी मानली. मला याचा आजही राग येतो.

आता राजकारण. १८४९ मध्ये रोममधलं नवं प्रजासत्ताक मोडायला फ्रेंच फौजा चालून आल्या, तेव्हा तिथेच राहणाऱ्या मार्गारेटनं टायबर नदीतल्या बेटावरचं इस्पितळ सांभाळलं. स्वतःचं वर्षही न भरलेलं बाळ दूर रिएती गावी दाईपाशी होतं. एका जखमी सैनिकानं आपल्याच कापलेल्या हाताचं चुंबन घेतलं, दुसऱ्यानं जखमेतून काढलेले हाडाचे तुकडे जपून ठेवले, असं तिनं लिहून ठेवलंय. ‘मी’ नाही हे जिला एकविसाव्या वर्षी कळलं, ती परक्यांच्या खाटांपाशी रात्री जागते, यात अध्यात्म सुटलं कुठे?

इस्पितळातल्या या दिवसांबद्दल तिनं १० जून १८४९ च्या पत्रात इमर्सनलाच कळवलंय. तेवढं पत्र वाचा आणि मग पुन्हा लिहा. मी वाट पाहते.