बेसूर नव्हे ते: लुईस बेटावरच्या गेलिक स्तोत्रांबद्दल एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या बारकाईने वाचून लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे मुख्य आक्षेप दोन. गुदिमेल या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराने बायबलमधल्या स्तोत्रांच्या चार आवाजांत केलेल्या रचना जिनिव्हाच्या चर्चमध्ये गात, हे माझ्या लेखातलं विधान चूक आहे. आणि स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरचं गेलिक (तिथली जुनी भाषा) स्तोत्रांचं रेकॉर्डिंग हा ‘बेसूर गोंगाट’ मी उगाच डोक्यावर घेतलाय.

पहिली चूक कबूल. जिनिव्हातल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या चर्चमध्ये सगळे मिळून एकच चाल गात, तीही वाद्यांशिवाय. गुदिमेलने १५६५च्या आवृत्तीत स्वतःच सांगून ठेवलंय की बाकीचे तीन आवाज चर्चसाठी नाहीत, घरी गाण्यासाठी आहेत. लेखात दुरुस्ती केली आहे.

‘बेसूर’ मात्र मला अजिबात पटत नाही. पहिल्यांदा ऐकताना मीही गोंधळलो होतो. नंतर हेडफोन लावून एकाच बाईच्या आवाजाचा माग धरला. पुढे बसलेला प्रिसेंटर, म्हणजे गाण्याचा म्होरक्या, ओळ सांगतो, आपल्या भजनात बुवा सांगतात तशी, आणि मंडळी ती उचलतात. चाल सगळ्यांची एकच. पण ही बाई एकेका अक्षरावर चार-पाच कणस्वर घेत, आपल्या सवडीने पुढच्या सुरावर येते. शेजारचा पुरुष तिच्या आधीच तिथे पोचलेला असतो. सूर कुणीच सोडलेला नाही, वाट तेवढी ज्याची त्याची. मागची ओळ विरायच्या आत प्रिसेंटर पुढची सुरू करतो, म्हणून ती लाटेवर लाट आल्यासारखी ऐकू येते.

ही रीत गरजेतून आली. सतराव्या शतकात अनेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या प्रोटेस्टंट धर्मसभेनेच ओळ वाचून दाखवा असं सुचवलं. गेलिकमधली पहिली पन्नास स्तोत्रं १६५९ साली छापली गेली. पुढे लोक वाचायला शिकले, तरी लुईसकरांनी ही गायकी सोडली नाही. ‘मार्टरडम’ ही साधी चार ओळींची चाल आधी एखाद्या गायकवृंदाकडून ऐका, मग गेलिकमध्ये. पहिल्या ओळीत ती ओळखूसुद्धा येणार नाही.

लेखातल्या डच स्तोत्रांच्या रेकॉर्डिंगला तुम्ही ‘प्रेतयात्रेची लय’ म्हणालात. हीच संथ लय टिकावी म्हणून १७७५-७६मध्ये नेदरलँड्समधल्या मासस्लाउसला लोकांनी दंगल केली होती!

तुम्ही पाठवलेलं स्वेलिंक या डच संगीतकाराच्या स्तोत्ररचनांचं रेकॉर्डिंग अप्रतिम आहे, चार दिवस तेच ऐकतोय. पण ते गायक ऐकणाऱ्यासाठी गातात. लुईसच्या चर्चमध्ये ऐकायला कुणी बसलेलंच नाही, झाडून सगळे गाताहेत. एकाचं माप दुसऱ्याला कसं लावायचं?

स्वेलिंकवर पुढचा लेख लिहितोय. ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये लोक डचमध्ये स्तोत्रं गात असताना, तिथल्याच या ऑर्गनवादकाने दीडशेच्या दीडशे स्तोत्रं फ्रेंचमध्ये का बांधली, तिथून सुरुवात करणार आहे.