पानामागे किती रुपये?

गणपतीचे पैसे उरले, ही आमच्या सोसायटीच्या इतिहासातली पहिलीच घटना. ढोलपथकानं ऐनवेळी दुसरीकडची सुपारी घेतली आणि दहा हजार रुपये वाचले. पैसे कमी पडले की माणसं एकत्र येतात, उरले की बिथरतात. मीटिंगमध्ये कुणी सीसीटीव्ही म्हणालं, कुणी मिसळ म्हणालं (नाशकात कुठल्याही मीटिंगमध्ये मिसळीला उघड विरोध होत नाही), आणि चेअरमनसाहेब, बहुधा आदल्या दिवशीच कुठलंसं भाषण ऐकून आले असावेत, एकदम म्हणाले, "आपण वाचनालय काढू. सगळी नवीकोरी पुस्तकं. कथा-कादंबऱ्या घ्या, माहितीपर घ्या, पण सर्वसामान्य वाचकाला आवडतील अशी घ्या." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवताना सगळे माझ्याकडे बघत होते. मागे लिफ्ट अडकली तेव्हा मी आत शांतपणे वाचत बसलो होतो, तेवढ्या भांडवलावर इंदिरानगरात माझी व्यासंगी म्हणून ख्याती आहे.

नाशकात वाचनालयाची भाषा जरा जपूनच करावी. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. म्हणजे देशात पहिली प्रवासी आगगाडी धावली त्याच्याही तेरा वर्षं आधीचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या इथून निघून पार दुबईपर्यंत पोचल्या. मी म्हटलं, अशी एखादी पेटीच मागवू, पैसेही लागत नाहीत. "अहो, पैसे संपवायचेत," चेअरमन म्हणाले, "फुकट आणून कसे संपतील?" ह्याला उत्तर नव्हतं.

मग मी सर्वसामान्य वाचकाच्या शोधाला लागलो. ग्रुपवर विचारलं, कुणाला काय आवडतं? आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबरानं ओळखली जातात. तीनशे चारच्या काकूंनी कळवलं, "दुःखी नको. शेवटी कुणी मरायला नको." मी म्हटलं, काकू, हल्लीच्या कादंबऱ्यांत तशी हमी कोण देणार? त्यांनी विचार करून सवलत दिली, "पहिल्या पानावर मेलेलं असलं तर चालेल." म्हणजे खुनाची रहस्यकथा. एकशे दोनच्या आजोबांना पेशवाईवर हवं होतं. नवं हवं, ताजी आवृत्ती हवी, "पण माहिती जुनीच असू दे. उगाच काहीतरी नवीन शोधून काढलेलं नको." पाचशे एकमधल्या नव्या जोडप्यानं 'आयुष्य बदलून टाकणारं, पण दोनशे पानांच्या आतलं' अशी मागणी नोंदवली. दोनशे तीनच्या भाऊंची निफाडला द्राक्षबाग. ते म्हणाले, "भाव पडल्यावर काय करायचं, असं एखादं पुस्तक आहे का?" मी नाही म्हणालो. "मग काहीही आणा."

दुकानात 'नवे आगमन' असं लिहिलेलं एक टेबल होतं. त्यावर ओणवा होऊन मी अर्धी दुपार काढली. त्यातली निम्मी पुस्तकं अकराव्या नाहीतर सतराव्या आवृत्तीची निघाली. नवं होतं ते मुखपृष्ठ. उरलेल्यांत अनुवादांची चळत मोठी. खरी नवी मराठी कादंबरी त्या गर्दीत पातळशी उभी, प्लास्टिकात गुंडाळलेली. उघडून बघायची सोय नाही, सगळी भिस्त मलपृष्ठावर. आणि मलपृष्ठं लिहिणाऱ्या मंडळींनी ठरवलेलंच आहे की प्रत्येक कादंबरी वाचकाला अंतर्मुख करणार. आमच्या सोसायटीत अंतर्मुख व्हायला कुणी मागितलंच नव्हतं. तीनशे चारसाठी एक ठीकठाक खून हवा होता, तो 'व्यवस्थेच्या बधिरतेवर भाष्य' ह्या शब्दांमागे लपला होता. दुकानदारानंच काढून दिला. त्यालाच विचारलं, सर्वसामान्य वाचक काय घेतो हो? तो म्हणाला, "येतो, पंख्याखाली उभा राहतो, मुखपृष्ठाचा फोटो काढतो आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतो. घेणारे सगळे विक्षिप्त."

पुस्तकं आणली, आणि खजिनदारांनी बिल परत पाठवलं. खजिनदार सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. बिलाकडे ते संशयित गृहस्थाकडे बघावं तसे बघतात. "ह्याच्यावर जीएसटी कुठाय? कच्चं बिल दिलंय तुम्हाला."

"छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो."

"असं कसं? आपण लिफ्टच्या दुरुस्तीवर भरतो, रंगावर भरतो."

मी समजावलं की कागदावर लागतो, छपाईवर लागतो, तो आधीच किमतीत मुरलेला असतो. फक्त तयार पुस्तकावर शून्य. शून्य म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. शेवटी दुकानदाराकडून ४९०१ हा कोड बिलावर घालून आणला. पुस्तकांचा जीएसटीतला हा कोड. बिलावर चार आकडे दिसल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं.

मग ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. किमतीला पानांच्या संख्येनं भागायचं, हे त्यांचं समीक्षाशास्त्र. पेशवाई ६४० पानं, ७०० रुपये, पानाला एक रुपया नऊ पैसे: उत्तम ग्रंथ. खून पानाला दीड रुपया: चालवून घेऊ. आयुष्य बदलणारं पावणेदोनला पडलं, पण आयुष्यच बदलणार असेल तर हरकत नाही. नंतर कवितासंग्रह आला. ९६ पानं, १५० रुपये, पानाला एक रुपया छप्पन्न पैसे. त्यांनी तो उघडला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

"ओळ अर्ध्यातच तुटलीय."

"कविता आहे ती."

"म्हणजे डावीकडे शाई, उजवीकडे कोरं. ह्या कोऱ्याचेही पैसे दिले आपण? खरा भाव तीन रुपयांच्या वर गेला हो."

हे कुसुमाग्रजांचं गाव आहे, कवितेशिवाय वाचनालय उघडलं तर लोक काय म्हणतील, त्यांना १९८७चं ज्ञानपीठ मिळालं होतं, असं सगळं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "१९८७चे भाव वेगळे होते."

त्यातून सुटतोय तोच चारशे एकचे काका भिंग घेऊन हजर. उभी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झालेली. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात तिथला माणूस साध्या पुस्तकाचं काय कौतुक करणार? त्यांनी प्रत्येक पान उजेडाकडे धरलं. "कागद सत्तर जीएसएम, मागचं पुढे दिसतंय. बांधणीत शिलाई नाही, नुसता गोंद मारलाय, दोन उन्हाळ्यांत पानं हातात येतील. आणि हे बघा, मुखपृष्ठावरचा लाल सरकलाय." तो लाल म्हणजे खुनातलं रक्त होतं. कथा कशी वाटली, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. छापलेलं तपासायचं असतं, वाचायचं नसतं, अशी शिस्त अंगात भिनलेली. मला त्यांचं म्हणणं मात्र पटलं. हल्लीची बरीच नवी पुस्तकं पूर्ण उघडली की मणका मोडतात. अर्धवट उघडून डोकं वाकडं करून वाचावी लागतात.

कपाट तळमजल्यावर, मीटर बॉक्सशेजारी लावलं. वही ठेवली. खुनाची कादंबरी पहिल्याच दिवशी तीनशे चारनं नेली; तिथून ती काकूंच्या बहिणीकडे सातपूरला, मग बहिणीच्या जावेकडे गेली आणि सध्या ती मालेगावात असल्याचं कळतं. पेशवाई आजोबांनी तीन दिवसांत परत केली. शेरा: 'बखरीत असं नाही.' आयुष्य बदलणारं पुस्तक जोडप्यानं नेलंच नाही, कारण त्यांना पुण्यात नोकऱ्या लागल्या. भाऊ अधूनमधून येऊन कपाटासमोर उभे राहतात, द्राक्षांचा त्या दिवशीचा भाव सांगतात आणि जातात. कवितासंग्रहाचा मात्र पत्ता नव्हता. वही चाळली तर एका ओळीत खजिनदारांची सही आणि पुढे 'तपासणीसाठी'. तारीख उद्घाटनाच्या दिवशीची.

परवा ते जिन्यात भेटले. हातात स्पायरल बांधलेली जाड फाइल. "पुढच्या वर्षीच्या खरेदीत हे धरा. आत्मचरित्र आहे. सोळा पानांचा एक फॉर्म, असे तीस फॉर्म बसवलेत, ४८० पानं, किंमत ३६०. पानाला पंचाहत्तर पैसे! बाजारात दाखवा असा भाव. तीनशे चारलाही चालेल, शेवटी कुणी मरत नाही." मी दबल्या आवाजात अभिनंदन केलं. ते दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "मध्ये थोड्या कविताही घातल्यात. पण ओळी पार मार्जिनपर्यंत नेल्यात."