चार अक्षरांवरून स्थळ नाकारू नका

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटलंय की पत्रिकेचे ३६ गुण आता पुरे झाले. सोळा प्रकारांची शास्त्रीय व्यक्तिमत्त्व चाचणी दहा मिनिटांत मोफत होते, माणसाचा प्रकार जन्मभर बदलत नाही, प्रकार जुळले की संसार सुखाचा होतो आणि अंतर्मुख-बहिर्मुखांचं कधीच पटत नाही. शेवटी सूचना: वधू-वर मेळाव्याच्या अर्जात 'प्रकार' असा रकाना घाला. काही बायोडेटांवर 'आयएसएफजे', 'ईएनटीपी' अशी, प्रकार सांगणारी चार इंग्रजी अक्षरं (पहिलं 'आय' म्हणजे अंतर्मुख, 'ई' म्हणजे बहिर्मुख) दिसूही लागली आहेत. माझ्या माहितीतल्या दांडिया बाजारातल्या एका मुलीला तर "अंतर्मुख आहे, एकत्र कुटुंबात जमायचं नाही" म्हणून चहापोह्यांच्या आधीच नकार आला. हे थांबायला हवं, म्हणून लिहितो आहे.

आधी 'शास्त्रीय' या शब्दाबद्दल. या प्रकारांचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१च्या मांडणीत आहे. त्यावरून प्रश्नावली बांधली कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, पण तेवढ्यावरून मी चाचणी मोडीत काढणार नाही. खरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. उंचीसारखाच स्वभावही कमी-जास्त प्रमाणात असतो आणि बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात. चाचणी नेमकी तिथेच रेघ ओढते. रेघेच्या जरा अलीकडचा अंतर्मुख, जरा पलीकडचा बहिर्मुख! त्यामुळे पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर जवळपास निम्म्या लोकांचं किमान एक अक्षर बदलतं, असं आढळलेलं आहे. मोफत मिळतात त्या चाचण्या तर बहुधा मूळ प्रश्नावली नसतातच, ती विकत घ्यावी लागते.

"पण माझं वर्णन हुबेहूब जुळलं," असं अनेकजण सांगतात. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला. तो बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. जुळल्यासारखं वाटणं हा पुरावा होत नाही.

'जन्मभर बदलत नाही' हेही खरं नाही. वर्षानुवर्षं त्याच माणसांचा मागोवा घेतलेले ९२ नमुने २००६ साली एकत्र तपासले गेले. त्यात शिस्त आणि मनाची स्थिरता सगळ्यात जास्त वाढताना दिसली ती विशी ते चाळिशीच्या दरम्यान. आपल्याकडे स्थळं बघतात ते हेच वय.

आता मुख्य दावा, प्रकार जुळले की संसार सुखाचा. संशोधक आज सहसा पाच गुणधर्म प्रमाणात मोजतात: नवेपणाची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. २०१० साली ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून अधिक विवाहित माणसांची, जोडीजोडीने केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. नात्यातल्या समाधानात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ६ टक्के स्वतःच्या स्वभावाशी आणि १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाशी जोडलेला निघाला. दोघांचे स्वभाव सारखे असण्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. ज्यावर हा अख्खा संदेश उभा आहे, ती गोष्ट जवळजवळ हिशेबातच नाही.

सारखेपणा नेहमी चांगला, असंही नाही. माणसं एकमेकांशी कशी वागतात हे मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी यांनी १९५७ साली दोन अक्षांवर मांडलं: एकावर जिव्हाळा ते दुरावा, दुसऱ्यावर वर्चस्व ते नमतं घेणं. त्यावर पुढे झालेल्या कामात असं मांडलं गेलं की जिव्हाळ्याला जिव्हाळ्याचा प्रतिसाद येतो, पण वर्चस्वाला नमतेपणाचा. दोन मायाळू माणसांचं छान जमेल, दोन हुकूम सोडणाऱ्यांचं कशाला जमेल?

२०२० साली ४३ अभ्यासांतल्या ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र तपासली गेली. जोडीदार आपल्याशी बांधील वाटतो का, आपली कदर करतो का, अशा नात्याबद्दलच्या उत्तरांवरून समाधानातला ४५ टक्क्यांपर्यंत फरक उलगडला. व्यक्तीच्या स्वतःच्या गुणांवरून २१ टक्क्यांपर्यंत. यातली बहुतेक जोडपी पाश्चात्त्य देशांतली, हे मान्य. पण संदेशाजवळ आपल्याकडच्या एकाही जोडप्याचा आधार नाही. आणि कदर होते की नाही, हे भेटण्याआधी कुठल्या रकान्यात भरणार?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते अबोल मुलामुलींबद्दलचं. नव्या पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसणारी मुलगी नवरात्रात रात्रभर गरबा खेळते, मैत्रिणींत सगळ्यात मोठ्याने हसते. मानसशास्त्रज्ञ विल्यम फ्लीसन यांनी २००१ साली लोकांचं रोजचं वागणं दिवसातून अनेकदा टिपून घेतलं, तेव्हा एकाच माणसाच्या वागण्यातला चढउतार माणसामाणसांतल्या फरकाच्या तोडीचा निघाला. शिवाय संसारातल्या असमाधानाशी ज्या गुणधर्माचा संबंध वारंवार दिसतो तो भावनिक अस्थिरतेचा, आणि त्या चार अक्षरांत तो मोजलेलाच नाही. आता त्याचा आकडा अर्जात मागू नका. समूहाच्या सरासरीवरून एका मुलीचा संसार कसा होईल ते सांगता येत नाही.

मेळाव्याच्या आयोजकांना माझी विनंती आहे: पुढचे अर्ज छापायला जाण्यापूर्वी हा रकाना काढा. ज्यांनी अक्षरं आधीच लिहून दिली आहेत, त्यांची माहिती पुढे पाठवताना ती गाळा. आणि पहिल्या भेटीनंतर लगेच होकार-नकार मागू नका. मुलामुलीला कमाटीबागेत, वडीलधाऱ्यांशिवाय, आणखी दोन-तीनदा भेटू द्या.