गावचं चर्च कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचे मुद्दे दोन ओळींत आटपण्यासारखे नव्हते. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगते. ही चर्चं 'गावाने उभी केली' असं मी लिहिलं, ते तुम्हाला भाबडेपणाचं वाटलं: पैसा जमीनदाराचा, कष्ट कुळांचे, आणि वर शेतमालाचा दहावा हिस्सा सक्तीने वसूल. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे गाव काळ्या साथीने, म्हणजे चौदाव्या शतकातल्या प्लेगने, ओस पडलं, हे माझं विधान तुम्ही साफ चूक ठरवलंत. आणि शेवटी विचारलंत, हे सगळं मराठीत कशासाठी?

व्हॅरमचं आधी घेते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. १३४९ च्या साथीनंतरही ते गाव नांदत होतं. ते उठलं १५०० च्या सुमारास, मेंढ्यांमुळे. लोकरीला भाव चांगला होता, नांगराखालच्या जमिनीपेक्षा कुरण परवडत होतं, आणि जमीनमालक हिल्टन घराण्याने उरलीसुरली कुळंही हुसकावली. मी ऐकीव गोष्ट तपासून न घेता लिहिली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य मुद्दा. सुरुवात जमीनदाराने केली, हे मला मान्य आहे. अकराव्या-बाराव्या शतकातली बहुतेक गावचर्चं गढीच्या सावलीतच उभी राहिली. हेरफर्डशरमधलं किलपेकचं चर्च घ्या. शेजारीच किल्ल्याची मातीची टेकडी आहे. तांबड्या वालुकाश्मात कोरलेला तो दक्षिणेचा दरवाजा, छपराच्या कडेखालची ससा-कुत्र्याची आणि चित्रविचित्र तोंडांची ती रांग, हे काम ११४० च्या आसपासचं, आणि तिथल्या सरदाराच्या ऐपतीचं. कुळांनी वर्गणी काढून असा दरवाजा घडवला नसता. पुढे अशी कितीतरी चर्चं जमीनदारांनी मठांना दान केली. मग धान्याचा दशमांश मठाच्या कोठारात जाऊ लागला आणि गावात उरला तुटपुंज्या मिळकतीचा व्हिकार, म्हणजे मठाच्या वतीने काम बघणारा पाद्री. तुमचा राग इथे अगदी योग्य जागी आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि माझ्या लेखात हाच भाग मी नीट मांडला नव्हता. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये दुरुस्तीची सरळ वाटणी झाली. वेदीकडचा भाग, म्हणजे चान्सेल (आपल्या गाभाऱ्यासारखा), दशमांश घेणाऱ्या रेक्टरने (गावच्या मुख्य पाद्र्याने) किंवा मठाने सांभाळायचा. लोक उभे राहतात तो नेव्ह, म्हणजे सभामंडप, गावाने सांभाळायचा. छप्पर गळलं, भिंत फुगली, घंटा तडकली, खर्च गावाचा. ही सक्तीच होती. पण सक्तीने का होईना, त्या भागाचा हिशेब गावाच्या हातात आला. हिशेबासाठी चर्चवॉर्डन, म्हणजे गावकऱ्यांतलेच कारभारी, निवडले जाऊ लागले, पैसा उभा करण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि बैठकीत जमाखर्च वाचून दाखवायची पद्धत पडली. म्हणून कितीतरी जुन्या चर्चांत चान्सेल बुटका आणि जुना दिसतो, नेव्ह मात्र उंच, रुंद, नव्या खिडक्यांचा. रेक्टरने जेवढ्यास तेवढं केलं, गाव मात्र खर्च करत राहिलं. हा फरक बाहेरून, छपराच्या रेषेवरूनच कळतो.

तुम्ही पुरावा मागितलात. सफोकच्या किनाऱ्यावर वॉल्बर्सविक नावाचं गाव आहे, मासेमारीवर जगणारं. १४२६ मध्ये तिथल्या लोकांनी नवा मनोरा बांधायला दोन गवंड्यांशी करार केला: डनिचचा रिचर्ड रसेल आणि ब्लायबराचा अॅडम पॉल. तो करार आज उपलब्ध आहे. त्यात नकाशा नाही. मनोरा टन्स्टलसारखा हवा, दरवाजा आणि खिडक्या हेल्सवर्थइतक्या चांगल्या हव्यात, असं लिहिलंय. म्हणजे गावकरी आजूबाजूच्या गावांचे मनोरे बघून आले होते, आणि त्यांना काय हवं ते त्यांना ठाऊक होतं. दगड, चुना, वाळू, पाणी गावाने पुरवायचं. गवंड्यांना काम करायला, जेवायला आणि झोपायला घर द्यायचं. मजुरी मनोऱ्याच्या उंचीवर, दर यार्डाला ४० शिलिंग. शिवाय प्रत्येकाला एक झगा, आणि दर वर्षी एक पीप हेरिंग मासळी. मला ही मासळी फार बोलकी वाटते. सरदाराच्या खजिन्यातून ती येत नाही, ती गावच्या जाळ्यातून येते.

काम वर्षातून सहाच महिने चालायचं, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. चुना सावकाश धरतो, आणि ओल्या चुन्यात थंडीचा बर्फ शिरला की सांधे फुटतात. म्हणून दर हिवाळ्यात काम बंद. असा मनोरा पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागायची, आणि तेवढी वर्षं दर उन्हाळ्यात कोणीतरी पैसे गोळा करत फिरत असणार.

ते पैसे कसे जमायचे, ते डेव्हनमधल्या मोरबाथच्या हिशेबांत दिसतं. तीसेक घरांचं डोंगराळ गाव. तिथला पाद्री ख्रिस्तोफर ट्रिकी १५२० ते १५७४ पर्यंत एकाच जागी होता आणि हिशेब स्वतःच्या हाताने लिहायचा. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, पण कळप असा वेगळा नव्हता. घराघरांत एखादी चर्चची मेंढी आपल्या मेंढ्यांबरोबर चरायची, तिची लोकर विकून पैसे चर्चच्या पेटीत. कोणाकडची मेंढी मेली, हरवली, त्याचीही नोंद. जोडीला वर्षातून चर्चच्या नावाने बिअर गाळून विकायची जत्रा. जमीनदाराचा यात काय संबंध?

आणि ही माणसं गप्प बसणारीही नव्हती. १३९७ मध्ये हेरफर्डचा बिशप तपासणीला निघाला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्याच्यापुढे तक्रारी मांडल्या. वेल्सच्या सीमेजवळच्या गार्वेच्या लोकांनी सांगितलं की आमच्या पाद्र्याला वेल्श येत नाही आणि आमच्यातल्या पुष्कळांना इंग्रजी येत नाही, मग तो आमच्या काय कामाचा?

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी कोकणातल्या गावात वाढले. देवळाची कौलं शाकारायची वेळ आली की कोणत्या वाडीने किती द्यायचं, मान कोणाचा, हिशेब कोणाकडे, यावर रात्र रात्र बैठका व्हायच्या. गोव्यात सोळाव्या शतकात देवळांच्या जमिनींचं उत्पन्न पोर्तुगीजांनी चर्चकडे वळवलं. तिथली जबरदस्ती इंग्लंडपेक्षा कितीतरी उघड आणि क्रूर होती, हे मी विसरलेले नाही. पण 'ही वास्तू कोणाची' हा प्रश्न मी गावकीच्या बैठकीतूनच विचारायला शिकले. तो मला मराठीतच पडतो, म्हणून मराठीत लिहिते. आपल्या देवळांवर कोणी लिहू नये असं यातून निघत नाही. तुम्ही लिहा, मी नक्की वाचेन.

पुन्हा व्हॅरमकडे येते, कारण तुमच्या टीकेनंतर गेल्या रविवारी मी तिथे परत गेले. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने तिथे उत्खनन चाललं. आज गवतात घरांचे उंचवटे, एक तळं, आणि बिनछपराचं सेंट मार्टिन चर्च. मनोऱ्याचा काही भाग १९५९ मध्ये कोसळला, त्यामुळे तो मधून चिरल्यासारखा दिसतो. नेव्हच्या भिंतीजवळ गेलं की बुजवलेल्या कमानी दिसतात. लोकसंख्या वाढली तेव्हा नेव्हच्या दोन्ही अंगांना पडव्या काढल्या होत्या, मधली भिंत फोडून कमानी केल्या होत्या. माणसं कमी झाली तशा पडव्या पाडल्या आणि कमानी दगडांनी भरून टाकल्या. कमानीची रेघ स्पष्ट आहे, आतला भराव वेगळ्या हाताचा. मी त्या सांध्यावरून बोट फिरवलं. गाव किती होतं आणि किती उरलं, ते त्या भिंतीत आहे.

माझ्या लेखात आणखी एक चूक होती, ती तुमच्या नजरेतून सुटली. गाव उठल्यावर चर्चही बंद पडलं असं मी लिहिलं होतं. तसं झालं नाही. त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, इतरही वस्त्या होत्या, आणि थिक्सेनडेलला १८७० मध्ये स्वतःचं चर्च मिळेपर्यंत तिथली माणसं टेकड्या ओलांडून, त्या उठलेल्या गावात येत राहिली, लग्नाला, बारशाला, आणि आपली माणसं पुरायला.