पाऊच हातातून काढून घेऊ नका

आज सांगलीतल्या एका कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांचं कौशल्य शिबिर बघितलं. अजून डोकं तापलेलंच आहे. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा हळदीचा 100 ग्रॅमचा पाऊच हॅन्ड सीलरवर, म्हणजे दांडा दाबून प्लास्टिकचं तोंड गरम करून चिकटवणाऱ्या छोट्या मशीनवर, सील करत होता. सील उघडलं. लगेच मॅडमनी "दे रे बाळा इकडं" म्हणत पाऊच काढून घेतला, स्वतः सील करून त्याच्या हातात ठेवला आणि फोटो काढला. बाळा! मिशा फुटलेल्या पोराला!

सील का उघडलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पाऊचच्या तोंडाला आतून हळद चिकटली होती. मध्ये पावडर आली की प्लास्टिकचे दोन पदर एकमेकांना धरत नाहीत, मग मशीन कितीही तापवा. लांब नळीचं नरसाळं घ्या, नळी पाऊचच्या निम्म्यापर्यंत जाऊ द्या, वरचं दीड इंच रिकामं ठेवा, कोरड्या फडक्यानं तोंड आतून पुसा. झालं.

आणि मशीनचा लाइट विझल्या विझल्या दांडा उचलायचा नसतो. सील गरम असतं, ताणून सुटतं. दोन-तीन सेकंद दाबूनच धरायचं. सेकंदांचा अंदाज येत नसेल तर मनात एकदा "एक दोन तीन चार, गणपतीचा जयजयकार" म्हणायचं. (पोरकट नाही हो, विसर्जनात आजोबा लोकही म्हणतात.) मशीन किती तापवायचं ती डायल एकदा तपासून योग्य आकड्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. कमी ठेवलं तर सील सुटतं, जास्त ठेवलं तर प्लास्टिक आकसतं. पाऊच जाड-पातळ बदलला की ठिपकाही बदला, इथं भले भले चुकतात.

वजनाचंही तेच. रिकामा पाऊच काट्यावर ठेवून शून्य करायचं. आकड्यांचा हिशोब जमत नसेल तर काट्याशेजारी 100, 101, 102 असं कार्ड चिकटवा, यातलं काही दिसलं की पुढं जा. दृष्टिहीन असेल तर बोलणारा काटा.

शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या दिवशी सगळं तुम्ही करा, दांडा फक्त त्यानं दाबायचा. ते जमलं की पाऊच सरळ लावणं, मग पुसणं, मग भरणं. म्हणजे दर वेळी पुरं झालेलं पाकीट त्याच्याच हातात येतं. आधार द्यायचा तोही हातावर, मग मनगटाला, मग कोपराला, मग नुसतं बोट दाखवून. मॅडमनी नेमकं उलटं केलं. शेवटची पायरीच हिसकावली.

दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत या मुलांना किमान 5 टक्के राखीव जागा दिल्या. प्रवेश मिळतो. पुढं तीन वर्षं काय, तर पणत्या रंगवा! हां, पणत्यांनी हात वळतो, मान्य. पण हळदीच्या गावात वर्षभर पॅकिंगचं काम असताना पणत्याच का?

जाऊ दे. त्या मॅडम वाईट नाहीत, घाईत होत्या. त्यांनाही कुणी शिकवलं नसणार. पण तो पोरगा फोटो झाल्यावरही मशीनकडंच बघत उभा होता.

कुणाकडं आठ इंची हॅन्ड सीलर पडून असेल तर कळवा. टेफ्लॉनची पट्टी जळलेली असली तरी चालेल, ती बदलता येते.