मंजुरीपत्रासाठी २,१०० रुपये भरू नका

गेल्या बुधवारी डिचोलीच्या बाजारातून घरी पोचले, तर धाकटी जाऊ पडवीतच वाट पाहत बसलेली. पिशव्या खाली ठेवायच्या आत म्हणाली, "ताई, तुमच्या फोनवरून एकवीसशे रुपये पाठवायचेत. आज रात्री बारापर्यंतच मुदत आहे." पैसे तिने मोजून रुमालात बांधून आणले होते. मार्च-एप्रिलमध्ये सोलां (आमसुले) विकून साठवलेले. कुणाला पाठवायचे, कशासाठी, असे विचारल्यावर तिने मोबाईल पुढे केला.

मेसेज थोडक्यात असा: 'गोव्यातील महिलांना सुवर्णसंधी! स्थानिक सहकार्याने घरबसल्या पापड उद्योग. मुद्रा योजनेतून १० लाख, त्यातले निम्मे माफ. २,१०० रुपये भरा, २४ तासांत मंजुरीपत्र. उद्यम नोंदणी असली की बँक नाही म्हणूच शकत नाही. घरच्या मालाला परवाना नको, जीएसटी नको. मशीन आमच्याकडून घ्या, तयार होईल तेवढा माल आम्ही उचलू, महिना ३०,००० नक्की. गोव्यात घरगुती मालाला गिऱ्हाईक नाही, विक्रीची चिंता आमच्यावर सोडा.' वर अशोकस्तंभ, खाली एक मोबाईल नंबर. ना कार्यालयाचे नाव, ना पत्ता.

हाच मेसेज आमच्या स्वयंसाहाय्य गटाच्या ग्रुपवर त्याच दिवशी तीन जणींनी टाकला होता. गटाची हिशेबाची वही मी नऊ वर्षे लिहिते आहे. कुणी कशासाठी कर्ज काढले, कुणाचे फिटले, कुणाचे रखडले, हे मला पाठ आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी त्या २,१०० रुपयांचे बोलते, कारण ते त्याच रात्री जाणार होते. मुद्रा ही संस्था कुणालाही थेट कर्ज देत नाही. कर्ज देतात बँका, वित्तसंस्था, सूक्ष्म वित्तसंस्था. मुद्रा त्यांना मागून पैसा पुरवते. म्हणजे 'मुद्राचे मंजुरीपत्र' अशी चीजच नाही. मुद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, ती जावेला बसवून वाचून दाखवली. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कर्ज मिळवून देण्यासाठी मुद्राने कुणीही एजंट किंवा मध्यस्थ नेमलेला नाही आणि तसे सांगणाऱ्यांपासून कर्जदारांनी लांब राहावे. तिथेच हेही आहे की या कर्जावर अनुदान नाही. ५०,००० पर्यंतच्या शिशु कर्जाला तर बहुतेक बँका प्रक्रिया शुल्कही घेत नाहीत. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने पैसे मागणारी अशी 'मंजुरीपत्रे' एकदा नव्हे, अनेकदा खोटी म्हणून जाहीर केली आहेत. पत्रावरचा आकडा बदलतो, पद्धत तीच असते: आधी थोडी फी, मग विम्याचे पैसे, मग टीडीएस, आणि शेवटी फोन बंद.

जाऊ म्हणाली, "पण ताई, १० लाखांपर्यंत मिळते हे तरी खरे ना?" खरे आहे. योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. ५०,००० पर्यंत शिशु, त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर, मग १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पण ते कर्ज आहे, बक्षीस नाही. पापडाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या बाईला कुठली बँक १० लाख देईल? आणि दिले तरी तिने ते घ्यावेत का? तिला खरी गरज आहे एका चांगल्या वजनकाट्याची, पिशव्या बंद करायच्या सीलरची आणि पावसाळ्याआधी जास्तीचे उडीद घेऊन ठेवायला थोड्या भांडवलाची. शिशुतच सगळे बसते.

'निम्मे माफ' हे कुठून आले, तेही सांगते, कारण त्यात थोडे सत्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम) म्हणून वेगळी योजना आहे, खादी ग्रामोद्योग आयोग आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत चालणारी. तिच्या नियमांत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान धरलेले आहे, स्वतःचे ५ टक्के घालायचे. पण ते अनुदान हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे तुमच्या नावाने बाजूला ठेवलेले असते. धंदा चालू आहे हे प्रत्यक्ष येऊन पाहिल्यावरच कर्जातून वळते होते. मशीन विकून मोकळे झालात तर अनुदानही गेले. आणि अर्जाला एक पैसा लागत नाही. मेसेजवाल्याने दोन योजना कालवून त्यातून माफी काढली आहे.

आता मशीन. यावर मी वेळ घेणार आहे, कारण २,१०० गेले तर माणूस हळहळतो आणि विसरतो, मशीनपायी घर बसते.

त्या नंबरवर मी स्वतः फोन केला. पापडाचे मशीन १ लाख ४० हजारांचे. पीठ ते देणार, तयार पापड किलोला ४० रुपये मजुरीने घेणार. मी वही उघडली. महिना ३०,००० हवेत तर ७५० किलो पापड. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोज ३० किलो. कडक ऊन असेल तेव्हा आमच्या घरी, दोघी जावा आणि सासूबाई मिळून, दिवसाला चार-पाच किलो होतात. समजा मशीनने लाट्या आणि लाटणे उरकले. वाळवायचे कुठे? मी विचारले, "ड्रायर देता का?" तो म्हणाला, "उन्हात वाळवा ना, मॅडम." गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्येष्ठ-आषाढात आमच्या अंगणात धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. तिथे रोज ३० किलो पापड? हे बोलणाऱ्याने गोव्याचा पावसाळा पाहिलेला नाही, आणि पाहिला असेल तर तो जाणूनबुजून खोटे बोलतो आहे.

पुढे विचारले, घ्याल म्हणता तर लिहून देता का? देतो म्हणाला, आणि कराराचा नमुना पाठवला. त्यात 'कंपनीच्या दर्जात बसणारा माल' एवढेच शब्द. दर्जा म्हणजे काय, ओलावा किती, जाडी किती, कोण तपासणार, नाकारलेला माल कुणाचा, काहीच नाही. वाहतूक आपली. वाद झाला तर न्यायालय त्यांच्या शहरातले, दुसऱ्या राज्यात. पंधराशे रुपयांच्या पापडांसाठी कोण जाणार तिकडे खटला चालवायला? मशीनचे पैसे मात्र आधी, पूर्ण.

आमच्याच गावात एकीच्या पडवीत द्रोण बनवायचे मशीन सहा वर्षे प्लास्टिक पांघरून उभे आहे. असेच आश्वासन, असाच करार. पहिली दोन पोती त्यांनी उचलली आणि पैसेही चोख दिले. त्या विश्वासावर तिने बहिणीलाही मशीन घ्यायला लावले. तिसऱ्या वेळेपासून 'कड नीट कापलेली नाही' म्हणून माल परत. मग फोन लागेनासा झाला. हप्ते तिने मंगळसूत्रातले सोने मोडून भरले. ती कुणाला दोष देत नाही, स्वतःलाच देते, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. तिचे काय चुकले? तिला कुणी आधी सांगितले नाही, एवढेच.

तयार माल विकत घेणारा खरा असेल तर त्याने आधी तुमच्या हातचा नमुना मागावा आणि पैसे देऊन पहिला माल न्यावा. धंदा मशीन विकण्याचा आहे की पापड विकण्याचा, हे तिथेच कळते.

बाकीचे भरभर. उद्यम नोंदणी असली की बँक नाही म्हणू शकत नाही, हे खोटे. १ जुलै २०२० पासून छोट्या उद्योगांची ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि ती फुकट आहे. सायबरवाला त्याचे पाचशे मागत असेल तर ते टाईप करण्याचे आहेत, सरकारचे नव्हेत. बँक कर्ज नाकारू शकते. पण अर्जाची पोच तिने द्यायला हवी आणि नाकारले तर कारण कळवायला हवे, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. छोट्या उद्योगाला १० लाखांपर्यंत तारणही मागायचे नाही. आमच्या भागात बाया तोंडी 'बघू, पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत येतात. अर्ज कागदावर द्या, पोच घ्या. अर्धे काम तिथेच होते.

उद्यमचा खरा उपयोग मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने त्याचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर तीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात. ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एका दुकानाने आमच्या गटाच्या आगळाचे (कोकमाच्या रसाचे) पैसे पाच महिने थकवले होते, तेव्हा आमची नोंदणी नव्हती आणि हा नियमही ठाऊक नव्हता. आता बिलावर उद्यम क्रमांक छापतो.

परवाना नको, हेही खोटे. घरच्या स्वयंपाकघरात करून विकलेल्या पापडालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते. छोट्या उत्पादकासाठी ती वर्षाला १०० रुपयांत होत आली आहे. ते वाचवून काय मिळवणार? नंबर नसला तर कुठलेही धड दुकान तुमची पिशवी फळीवर ठेवणार नाही. जीएसटीचे अर्धे खरे आहे: मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकलात तर ती सवलत सुटते. आपल्याकडे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी म्हणजे शेजारचे गाव. सहज म्हणून तिकडच्या दुकानाला माल द्यायला सुरुवात करतो आणि ध्यानीमनी नसताना नियमात अडकतो. सुरू करण्याआधी एखाद्या हिशेबनीसाला विचारून घ्या.

आणि ते वाक्य, गोव्यात घरगुती मालाला गिऱ्हाईक नाही. हे वाचून सासूबाईसुद्धा उठून बसल्या. त्यांनी चाळीस वर्षे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलां, सांडग्या मिरच्या आणि फणसाचे पापड विकले. पावसाआधी पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी करणारी घरे अजून आहेत. अष्टमीची फेरी आहे, जत्रा आहेत, चवथीला मुंबईहून आणि आखातातून आलेली माणसे परत जाताना पिशव्या भरून नेतात. खोल्याची मिरची, मयड्याची केळी, खाजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते इथल्या जिभेला त्यांची चव कळते म्हणूनच. गोवा बागायतदारसारख्या सहकारी संस्था इथे उभ्या राहिल्या त्या इथल्याच शेतकऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या जिवावर.

अडचण आहे, ती वेगळी आहे. दुकानाला दर महिन्याला सारखा माल लागतो, आणि आपण मे महिन्यात चिक्कार देतो नि ऑगस्टमध्ये हात वर करतो. पिशवीवर वजन, किंमत, तारीख, पत्ता नीट नसतो. एकीचा पापड जाड, दुसरीचा पातळ. याला उपाय बाहेरचे मशीन नाही. चार घरांनी एकच माप ठरवावे, एकत्र उडीद आणावेत, एकाच नावाने विकावे. गटाला तर १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज देण्याचे बँकांना सांगितलेलेच आहे.

'स्थानिक सहकार्य' हा शब्द त्या मेसेजने वापरला, तो मला सगळ्यात लागला. इथले सहकार्य म्हणजे काय, ते दारे ठोठावून पाहता येते. पणजीत उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. ईडीसी (गोव्याचे आर्थिक विकास महामंडळ) आहे, तिथे गोमंतकीयांसाठी मुख्यमंत्री रोजगार योजनेचे कर्ज मिळते. २०२० मध्ये राज्य सरकारची 'स्वयंपूर्ण गोवा' मोहीम सुरू झाली तेव्हा प्रत्येक पंचायतीला 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून सरकारी अधिकारी नेमला गेला. फेऱ्या माराव्या लागतात, हे मी नाकारत नाही. मीच एका कागदासाठी चार वेळा पणजीला गेले आहे. बसभाडे गेले, दिवस गेला. पण समोर बसलेल्या माणसाला नाव होते, टेबल होते, आणि त्याने माझ्याकडून पैसे मागितले नाहीत.

जावेचे एकवीसशे तिच्याच रुमालात आहेत. सोमवारी आम्ही दोघी डिचोलीला बँकेत जाऊन शिशु कर्जाचा अर्ज दिला, सोबत सीलर आणि वजनकाट्याचे कोटेशन. पोच घेतली. अजून उत्तर आलेले नाही.

ग्रुपवरच्या ज्यांनी आधीच पैसे पाठवले असतील त्यांनी लाजू नका. आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा, जितका लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. मेसेज आणि पैसे गेल्याची पावती पुसू नका. आणि शनिवारी दुपारी आमच्या घरी या, आधार, पॅन आणि बँकेचे पुस्तक घेऊन. उद्यम आणि अन्नसुरक्षेचे अर्ज माझी मुलगी भरून देईल.